उपरण्याखालचे प्रिन्सिपल

शाळा इंटरनॅशनल असायची तर तिचा परदेशाशी काहीतरी संबंध असावा, असा माझा बरीच वर्षं भाबडा समज होता. तो कल्याणदादांनी दूर केला. कल्याणदादा म्हणजे आमच्या 'सूर्यभान इंटरनॅशनल स्कूल'चे संस्थापक-अध्यक्ष आणि शाळेला लागून असलेल्या दूध शीतकरण केंद्राचे मालक. "सर, इंटरनॅशनल ही मनाची अवस्था आहे," असं ते मला नेमणुकीच्या दिवशीच म्हणाले होते. ही अवस्था आमच्याकडे फाटकाच्या कमानीवर आणि फीच्या पावतीवर ठळक दिसते. शिवाय मुलांना भर एप्रिलात निळा कोट आणि टाय असतो. घोडेगावच्या अलीकडे, हायवेला लागून, जिथं ही कोटातली मुलं घामाघूम होऊन प्रार्थना म्हणतात, तिथं मी प्रिन्सिपल. राहायला नगरात, सावेडीला. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तेव्हा मी शाळेची सगळी कागदपत्रं नव्यानं छापून घेतली. जीपवाले मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतात आणि माणसं बरोबर ठिकाणी उतरतात. ते असो.

यंदा एकाएकी दादांना मनाची अवस्था पुरेनाशी झाली. त्याला कारण भिमाजीराव. हे गृहस्थ पलीकडच्या अंगाला दुसरी इंटरनॅशनल स्कूल चालवतात आणि त्यांनी शाळेच्या गच्चीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे लावले होते. त्यातला एक देश आता शिल्लक नाही, हे मी दादांना सांगून पाहिलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना आता खरीखुरी परदेशी मान्यता हवी होती. शोधाशोध करून त्यांनी एक जागतिक परिषद गाठली. या परिषदेला इमारतीत, लॅबमध्ये किंवा पोहण्याच्या तलावात काडीचा रस नव्हता. दादांनी तलावाचा खड्डा नुकताच खणून घेतला होता, त्यामुळे ते जरा हिरमुसले. परिषदेचं म्हणणं एवढंच, की शाळेच्या नेतृत्वाची मुळं समाजात रुजलेली असावीत आणि समाजाचा शाळेत भरघोस सहभाग असावा.

"सर, समाज आणा," दादा म्हणाले.

जणू समाज म्हणजे स्टेशनरी होती. मी म्हटलं, प्रयत्न करतो.

"करा. आणि जमत नसेल तर तसं सांगा. अजिनाथ आहेच."

अजिनाथ हा दादांचा मेहुणा. तो आमच्याकडे डायरेक्टर होता. कशाचा, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. काळा चष्मा लावून, गळ्यात शिट्टी अडकवून तो व्हरांड्यातून हिंडायचा आणि माझ्या केबिनच्या दारात थांबून माझ्या खुर्चीकडं बघायचा. माझ्याकडं नाही, खुर्चीकडं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हाताखाली शिकवलं, माझ्याहून धाकटी माणसं माझी हेडमास्तर झाली, त्यांच्या बढतीचे पेढे मी खाल्ले आणि वर अभिनंदनाची भाषणंही केली. केस पांढरे झाल्यावर ही गोल फिरणारी खुर्ची मला मिळाली होती. ती मला मनापासून आवडते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ती जाणार या विचारानंच मला त्या दिवशी डबा गेला नाही.

संध्याकाळी मी आमच्या सोसायटीतल्या मार्तंडरावांना गाठलं. ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून त्या विभागाचं खरं काम सोसायटीच्या बाकावर बसून एकटेच बघतात. "लोकसहभाग ना? सोपंय," ते म्हणाले. "एक समिती करायची. तिच्यावर लक्ष ठेवायला एक उपसमिती. मग दोघींची भांडणं लागतात आणि तुमचं काम सुरळीत चालतं." त्यांनी मला दोन कप चहा होईपर्यंत समित्यांचे प्रकार समजावले. चहा आमच्या घरचा होता.

मी समिती जाहीर केली. झुळझुळीत इंग्रजीत नोटीस लिहून फाटकावर लावली: कम्युनिटी पार्टनर्स मीट, शुक्रवार, दुपारी. तिच्या शेजारीच आमची जुनी पाटी होती, 'पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये'. दोन्ही पाट्यांखाली सही माझीच. शुक्रवारी सभागृहात खुर्च्या मांडल्या, वेफर्स आणले. एकही माणूस फिरकला नाही. शिपाईसुद्धा दिसेना. मी आणि मनवा, म्हणजे आमची इंग्रजीची तरुण शिक्षिका, आम्ही दोघांनी वेफर्स खाल्ले.

"सर, आज बाजार आहे ना," मनवा म्हणाली. पुण्याची पोरगी, येऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. त्या दिवशी पंचक्रोशीत कुणाचं लग्न काढत नाहीत, मग आमच्या कम्युनिटी पार्टनरांची काय कथा? मी मनाचा हिय्या केला. समाज माझ्याकडे येत नसेल तर मी समाजाकडे जाईन, असं एक बाणेदार वाक्य मनात म्हटलं आणि पुढच्या शुक्रवारी बूट पुसून बाजारात गेलो. ते बूट मी नंतर पुन्हा घातले नाहीत.

म्हशींच्या रांगांमधून अंग चोरत मी लिंबाच्या झाडापाशी पोचलो. तिथं सूर्यभानबाबा बसले होते. शाळेला ज्यांचं नाव आहे ते हेच. दादांनी हयात वडिलांचं नाव शाळेला दिलं तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली होती, पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं नाही. जन्मभर म्हशींचा व्यापार केलेला माणूस. मुलाच्या शाळेत ते एकदाच आले होते आणि कोटातली पोरं पाहून, "ह्यांला ऊन लागत न्हाई का?" एवढंच विचारून परत गेले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग हितंच भरवा की तुमची कमिटी. समदी मान्सं हितंच हायेत. तिकडं शाळंत कोन यील? फाटकावर तुमीच पाटी लावली ना, येऊ नका म्हून?"

अशा रीतीनं सूर्यभान इंटरनॅशनल स्कूलचं कम्युनिटी ॲडव्हायझरी कौन्सिल घोडेगावच्या बाजारात लिंबाखाली भरायला लागलं. दर शुक्रवारी मी मांडीवर पॅड घेऊन तिथं बसू लागलो. माझ्या कानापाशी एखादी म्हैस रवंथ करत असे आणि समोर पालक. त्यात पहिल्यापासून पुढं होत्या लंकाबाई. पाथर्डीकडच्या. लेक आणि सून ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या बाजूला जातात, म्हणून नात आरती यांच्यापाशी. लंकाबाई बाजारात भाकरी-पिठल्याचं पाल लावतात. आरतीला आमच्या शाळेत पंचवीस टक्क्यांतल्या राखीव जागेवर घ्यावं म्हणून माझं दादांशी चांगलंच वाजलं होतं, तेव्हापासून मी दिसलो की त्या पदर सावरून उभ्या राहायच्या. मला ते आवडायचं. माणूस आहे मी.

पहिल्याच बैठकीत स्नेहसंमेलनावर चर्चा निघाली. इंग्रजी नाटक ठेवायचं की कुस्त्यांचा हगामा? मी म्हटलं, हात वर करा. एकही हात वर होईना. बाबा हसले.

"सर, उघड्यावर हात वर करायला काय, ही काय शाळा हाय का?" ते म्हणाले. "हितं भावकी बसली हाय. ह्यानं वर केला की त्यो मुद्दाम खाली घेतो. मंग गावाला जाईस्तवर कुरबुर." असं म्हणत त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं आणि एकेकाला जवळ बोलावलं. ज्यानं त्यानं उपरण्याखाली हात घालायचा. नाटकाला एक बोट दाबायचं, कुस्तीला दोन. कुणाचं काय ते कुणाला दिसत नाही. म्हशीचा भाव पिढ्यान्‌पिढ्या असाच ठरतो म्हणे. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही पत्ता लागत नाही. पाच मिनिटांत निकाल लागला. कुस्ती. भांडण नाही, तंटा नाही, लोक तंबाखू मळत उठून गेले.

मी भारावून गेलो. जगातल्या कुठल्याही शाळेला न सापडलेली गोष्ट मला सापडली होती. परिषदेला पाठवायच्या अहवालात मी तिला 'कल्चरली एम्बेडेड कॉन्फिडेन्शियल कन्सेन्सस मेथड' असं नाव दिलं. बाबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "व्हय, तसंच."

इकडे सावेडीत माझ्या अब्रूचे धिंडवडे निघत होते. प्रिन्सिपलसाहेब दर शुक्रवारी म्हशींच्या बाजारात बसतात, ही बातमी कुणीतरी आणली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या बायकोला जिन्यात गाठून, "पगार कमी पडतो का हो?" असं विचारलं. मार्तंडराव त्याच्याही पुढं गेले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भाच्याला गोठा काढायचाय, एखादी चांगली मुऱ्हा म्हैस ओळखीत बघा, कमिशन काय असेल ते समजून घेऊ, असं डोळा मिचकावून सांगितलं. मी संतापून त्यांना कन्सेन्सस मेथड समजावली. ते म्हणाले, "हो, हो. बाहेर असंच सांगा."

"तुम्ही इंग्रजीचे एम. ए. ना हो?" प्रणिता, म्हणजे माझी सौभाग्यवती, एका शुक्रवारी मला दाराबाहेरच थांबवून म्हणाली. "आधी बाथरूममध्ये जा. आणि ते कपडे बादलीत टाका. माझ्या बादलीत नको."

पण अहवाल मात्र तिकडं भलताच गाजला. परिषदेच्या डॉ. इन्ग्रिड नावाच्या बाई स्वतः यायला निघाल्या. कुठल्याशा थंड देशातल्या. दादांनी हायवेपासून फाटकापर्यंत पताका लावल्या, ढोल-लेझीम सांगितलं, खड्ड्यात पाणी भरून त्याला तलाव म्हटलं. बाईंनी यातलं काही पाहिलं नाही. उतरल्या उतरल्या त्या म्हणाल्या, मला ते झाड दाखवा. शुक्रवारच होता.

बाई बाजारात आल्या आणि हरखल्याच. म्हशींना हात लावला, लंकाबाईंच्या पालात ठेच्याबरोबर पिठलं-भाकरी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत "वंडरफुल" म्हणाल्या. ठेच्याचं पाणी होतं ते, पण दादांना ते भावनेचं वाटलं. मग बाबांनी त्यांना उपरणं दाखवलं. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच, दोनदा पंजा म्हणजे दहा. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

"यांच्या पद्धतीनंच नेतृत्वाचं मूल्यमापन करू या," त्या दुभाषी म्हणून आलेल्या मनवाला म्हणाल्या. "समाजानं सांगावं. एक ते दहा. प्रिन्सिपलना किती आणि डायरेक्टरना किती. हात माझ्या हातात."

मनवानं पालकांना ते मराठीत सांगितलं. पोरीनं अगदी चोख सांगितलं, तिचा काही दोष नाही. गुप्तता म्हणून मला आणि अजिनाथला लांब, पेंडीच्या दुकानापाशी उभं केलं. अजिनाथ चष्मा पुसत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या होत होत्या. लांबून मला सगळं दिसत होतं. एकेक पालक वाकून उपरण्याखाली हात घालत होता, एकदा माझ्याकडं बघत होता, एकदा अजिनाथकडं. लंकाबाई गेल्या. त्यांनी माझ्याकडं असं मायेनं बघितलं, की मी मनातल्या मनात तिथं दहाचा आकडा लिहून टाकला. फक्त एक गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटली. प्रत्येक जण हात घालून झाल्यावर लगेच उठत नव्हता. बाईंच्या तोंडाकडं बघत, कशाची तरी वाट बघत थांबत होता. बाई गोड हसून "थँक यू" म्हणायच्या आणि पुढच्याला बोलवायच्या. उठणारा माणूस जरा गोंधळलेला दिसायचा.

निकाल बाईंनी दादांच्या केबिनमध्ये सांगितला. आधी त्यांनी माझा हात हातात घेतला. डॉक्टर असा हात घेतात तेव्हा काय समजायचं ते सगळ्यांना माहीत असतं. समाज इतक्या निर्भीडपणे बोलताना त्यांनी जगात कुठं पाहिला नव्हता म्हणे. समाजसहभागाला पैकीच्या पैकी. डायरेक्टर अजिनाथ: जवळजवळ दहा. प्रिन्सिपल: दोनाच्याही खाली. दोनापेक्षा जास्त बोटं एकानंही दाबली नव्हती. एक-दोघांनी तर नुसतं एकाच बोटाचं टोक दाबलं होतं, त्याचे किती धरायचे हा त्यांना प्रश्न पडला होता. मान्यता द्यायला त्या एका पायावर तयार होत्या. समाजाला नको असलेलं नेतृत्व तेवढं बदलावं.

अजिनाथनं चष्मा काढला. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. ते पाणावलेले होते. आपण इतके लोकप्रिय आहोत हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं.

दादा मला म्हणाले, "सर, मला वाटलं होतं लोक तुम्हाला मानतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी घराबाहेर पडलो नाही. प्रणिता मधूनच स्वयंपाकघरातून यायची, "दोनच? दहापैकी?" असं विचारून परत जायची. मार्तंडराव सांत्वनाला आले आणि त्यांच्या काळात एका हेडमास्तरला गावानं कोंडून घातलं होतं, त्यामानानं हे काहीच नाही, असं म्हणाले. मला त्या दोनाचं इतकं नव्हतं. मला लंकाबाईंचं लागलं होतं. आरतीच्या प्रवेशासाठी मी दादांचे टोमणे खाल्ले, आणि त्या माउलीनं माझ्याकडं तशा नजरेनं बघत बघत माझा गळा कापला. समाज, समाज म्हणतात तो हाच, असं मी भिंतीकडं बघत बरंच काही म्हणालो.

सोमवारी शाळेत सामान आणायला गेलो. सामान म्हणजे माझी छत्री, एक घड्याळ आणि कुंडीतली तुळस. खुर्चीत अजिनाथ बसला होता आणि ती गोल फिरवून बघत होता. मी कुंडी काखोटीला मारून फाटकाबाहेर आलो, तर बाहेर मुलांना सोडायला आलेले पालक उभे.

"सर, झाड घिऊन कुटं निघाला?" लंकाबाईंनी विचारलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा पालकांवर ओरडलो. मराठीत ओरडलो, आणि तेही फाटकासमोर. "तुम्हीच घालवलंत ना मला? एक बोट! एक बोट दिलंत तुम्ही मला, लंकाबाई!"

"मंग? पयल्या बोलीला कोन पंजा देतं?" लंकाबाई म्हणाल्या.

फाटकापाशी एकदम गलका झाला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कुणीतरी बाजूच्या दूध केंद्रातून बाबांना घेऊन आलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आवो सर, उपरन्यात हात घातला की पयली बोली खालचीच असती. जनावर जितकं मनात भरलंय तितकी खालची. लगीच धा म्हनला त्यो गडी येडा. नावं ठिवायची, खोड काढायची. बाईनं हात झटकायचा, मंग आमी तीन, मंग चार, असं करत चढायचं. लंकाबाई नवापोतूर गेली असती."

"धापोतूर," लंकाबाई म्हणाल्या. "पर बाईनं हातच झटकला न्हाई. थ्यांक्यू म्हनली अन् उटवलं मला. मला वाटलं, आसंल बया त्यांच्यात आसा येव्हार."

"आणि अजिनाथ? त्याला दहा कसे दिले?"

यावर सगळे जरा ओशाळले. शेवटी बाबाच बोलले. मुलाचा मेहुणा, तेव्हा बोलण्याचा अधिकार त्यांचाच. "ज्ये जनावर घ्यायचंच न्हाई त्याची वाहवा करायला आपलं काय जातं? लई ब्येस हाय, जपा, म्हनायचं अन् फुडं सरकायचं."

मी कुंडी खाली ठेवली. एम. ए. च्या काळातली कुठलीच ओळ मला आठवेना. डोळे मात्र भरून आले, आणि ते ठेच्यानं नव्हतं.

मी बाबांना घेऊन दादांकडं गेलो आणि हे सांगितलं, तर दादांना पटेना. ते पुण्याला शिकलेले. दुधाचा धंदा करतात, आणि दुधाचा भाव यंत्र सांगतं. फॅट किती, एसएनएफ किती, छापील चिठ्ठी हातात. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. "सर, आकडा तो आकडा," ते म्हणाले. बाबा बाहेर आले आणि मला म्हणाले, "पोरगं शिकलंय, त्याला वेळ लागंल. शुक्रवारी बाजारात या. अंघोळ करून, इस्त्रीचं घालून या. माल दावनीला हुभा केल्याबिगर किंमत कळत न्हाई."

त्या आठवड्यात पालकांनी दादांना जेरीस आणलं. कुणी तक्रार केली असती तर त्यांनी ऐकून घेतली असती. तक्रार कुणीच केली नाही. दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस अजिनाथची स्तुती करत होता. "नवे सर लई भारी. असं मानूस व्हनं न्हाई." आणि मग हळूच विचारत होता, "दाखला कवा मिळंल? भिमाजीरावांकडं घालावं म्हनतो पोराला." अजिनाथनं सगळ्या तासांना कवायत लावली होती आणि तलावाच्या खड्ड्यात दोन मुलं कोटासकट पडली होती. त्याबद्दलही पालकांनी त्याचं कौतुकच केलं. दादांची झोप उडाली म्हणतात.

शुक्रवारी मी गेलो. लग्नातला शर्ट घालून लिंबाखाली उभा राहिलो. एका बाजूला मुऱ्हा म्हैस, शिंगांना तेल लावलेली, दुसऱ्या बाजूला जाफराबादी. मधे मी, एम. ए., बी. एड. बाबांनी बजावलं होतं, हसायचं नाही, कुणाला नमस्कार करायचा नाही, गरजू दिसायचं नाही. आयुष्यभर मी गरजूच दिसत आलो होतो, त्यामुळे हे फार अवघड गेलं. माझ्या ओळखीच्या कुणी मला तिथं पाहू नये म्हणून मी देवाला नवस बोललो.

भिमाजीराव आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली. "ह्येच का ते सर?" त्यांनी बाबांना विचारलं. "वय झालंय की. आवाजबी बसल्याला हाय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बाबांकडं बघितलं. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. भिमाजीराव पुढं म्हणाले, मी फार वाकून चालतो, पोरांना दम देत नाही, इंग्रजी बोलतो ते कुणाला कळत नाही. प्रत्येक वाक्याला माझी छाती फुगत होती. घरच्यांनीसुद्धा कधी माझ्याकडं इतकं बारकाईनं पाहिलं नव्हतं. त्यांनी उपरण्याखाली हात घातला. बाबांनी झटकला.

तेवढ्यात दादांची पांढरी गाडी बाजारात शिरली. म्हशी बुजल्या, लोक ओरडले, दादा तसेच धावत आले. भिमाजीरावांचा हात उपरण्यात पाहून ते थबकले. एकदा वडिलांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. पुण्यात शिकलेला माणूस, पण रक्त कुठं जाईल?

"ह्यांना घेऊन काय करता, भिमाजीराव?" दादा धापा टाकत म्हणाले. "हा माणूस कुणाचं ऐकत नाही. राखीव जागेसाठी माझ्याशी भांडतो. नोटिसा अशा लिहितो, की शिपायालासुद्धा वाचवत नाहीत. बाजारात बसून माझी इंटरनॅशनल अब्रू घालवली यानं."

"आन् त्या परदेशी बाईच्या कागदाचं काय?" बाबांनी विचारलं.

"ती गेली तिकडं. शाळा इथं आहे," दादा म्हणाले आणि त्यांनी उपरण्याखाली हात घातला.

पालक गोळा झाले होते. लंकाबाई पाल सोडून आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. बाबांनी आपला हात काढून घेतला आणि उपरणं माझ्या हातावर टाकलं. आता दादांची बोटं माझ्या हातात होती. त्यांनी दाबली. चांगली घट्ट दाबली. गळ्याशी आलेला हो मी कसाबसा गिळला आणि त्यांचा हात झटकून टाकला.

"सर, तुम्ही हट्टी आहात," दादा म्हणाले. "म्हातारे झालात. तुमच्यासारखा माणूस शाळेत ठेवणं म्हणजे डोक्याला ताप आहे."

"अजून बोला," मी म्हणालो.